चौथ्या गाण्यातली पांढरी गाडी

हळू बोला जरा. कुणी नुसतं 'डिलीट' म्हटलं तरी मी दचकतो. मी एक अल्बम बोलतोय. दुकानात काचेमागं मांडतात तसला देखणा अल्बम नव्हे हो. गर्दीतल्या एका मुलीनं मोबाइलवर टिपलेला. आठ गाणी, शिट्ट्या, दोन भांडणारी कुत्री, जनरेटरची घरघर आणि मध्येच गाडी काढायची सूचना, एवढा माझा संसार.

मला डोळे नाहीत. त्यामुळं जे कानावर आलं तेवढंच सांगेन. पण कान मात्र तिखट आहेत. इतके, की त्यांच्यापायी माझी झोप उडालीय.

माझा जन्म सांगलीचा. लग्नसराई संपलेली होती म्हणून एका मंगल कार्यालयाचं पटांगण पोरांना मिळालं होतं. गिटारवर ऋषिराज, उंब्रजचा. तो हार्ड रॉक वाजवतो. हार्ड रॉक म्हणजे काय, असं उंब्रजेत विचारलंत तर लोक सांगतील, "तात्याबाचा पोरगा गिटार कडाकडा फोडतोय बगा, त्ये." ड्रमवर मिरजेचा मतीन. त्याची बहीण सुमैरा मला जन्माला घालणारी. त्यांची अम्मी अख्तरबी, तिचे गुडघे धरलेले. पटांगणात खुर्चीवर बसवेना म्हणून ती घरीच राहिली होती आणि सुमैरानं तिला कबूल केलं होतं की सगळं रेकॉर्ड करून आणते.

आणि ऐन वेळी मोबाइलची बॅटरी लाल! आमच्या माणसांचं हे असंच. जन्मभर चार्जर हुडकत फिरायचं.

सगळ्या पटांगणात एकच एक्स्टेन्शन बोर्ड सापडला, तो तात्याबांच्या टेबलावर. तात्याबा म्हणजे ऋषिराजचे वडील. उंब्रजेत त्यांची साउंड सर्व्हिस आहे. लग्न, बारसं, यात्रा, प्रचार, कुठंही बॉक्स लावायचे तर तात्याबा. पोराच्या कार्यक्रमालाही त्यांचेच बॉक्स, त्यांचाच मिक्सर, त्यांचाच जनरेटर. आणि आमच्याकडं रीतच आहे, ज्याचा स्पीकर त्याचा माईक. पोर हरवलं, जेवणाची पंगत बसली, गाडी आडवी लागली, की सूचना देणार तोच. गाणं कुणाचं का चालू असेना.

"काका, फोन चार्जिंगला लावू का?" सुमैरानं विचारलं होतं, हे मला मागाहून कळलं.

"लाव की बाळा. फकस्त त्या काळ्या वायरीला हात लावू नगं, न्हाईतर निम्मी सांगली मुकी हुईल."

तिनं फोन बोर्डाला लावला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि ती पुढं जाऊन बसली. माझा पहिला श्वास हा असा, तात्याबांच्या कोपराजवळ.

पहिली तीन गाणी झकास झाली. पोरं ओरडत होती, शिट्ट्या मारत होती. चौथ्या गाण्यात ऋषिराजचा मोठा सोलो होता. सोलो म्हणजे बाकीच्यांनी जरा मागं सरायचं आणि एकट्यानं आपलं मन मोकळं करायचं. त्यानं सुरुवात तर अशी केली की कुत्रीसुद्धा गप्प झाली. आणि मग सूर अडखळला. एकदा, दोनदा. मतीन हुशार, त्यानं ड्रमचा दणका वाढवून ते झाकलं. गर्दीला काही कळलं नाही. पण माझ्याशेजारी तात्याबांची खुर्ची करकरली आणि ते आपल्या जुन्या साथीदाराला, जनरेटर सांभाळणाऱ्या नाथाजीला, दबक्या आवाजात म्हणाले ते मी शब्दनशब्द टिपलं.

"नाथा, पोराची बोटं आखडली रं. बघ कसा हात झटकतोय. आता हुर्यो उडवत्याल त्याची."

"मग काय करायचं?"

"थांब. गाडी काढाय सांगतो."

"कुणाची गाडी?"

"नसंना का गाडी. लोकं मागं तर बघत्याल!"

आणि लगेच माईकवर त्यांचा तो यात्रेतला खणखणीत आवाज, "एक मिनिट, एक मिनिट! पांढरी गाडी, गेटाम्होरं आडवी लावल्याली हाय. ज्या कुणाची असंल त्यांनी ताबडतोब काढावी. मंडळी, मागं वळून बघा, तुमची तर न्हाई?"

खुर्च्या सरकल्या. सगळं पटांगण मागं वळलं. कुणी म्हणालं माझी निळी आहे, कुणी म्हणालं पाव्हण्यांची असंल. गाडी असती तर सापडली असती ना! तेवढ्या वेळात पोरानं हात चोळला असणार, बोटं मोकळी केली असणार. पण पोराला हे कुठं ठाऊक? त्याला वाटलं, आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सोलोत आपल्याच बापानं मिठाचा खडा टाकला.

तो माईकवर ओरडला, "आबा, ठेवा त्यो माईक खाली! ही काय वरात हाय व्हय?"

पटांगण खो खो हसलं. माझ्याशेजारी माईकचं बटण टक् करून बंद झालं. त्यानंतर तात्याबांचा आवाज माझ्यात कुठंच नाही.

आणि ऋषिराज? संतापानं असा पेटला की पुढचा सोलो ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. उरलेली गाणी त्यानं तशीच झोडपून काढली. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, ही म्हण आजवर नुसती ऐकून होतो. त्या संध्याकाळी ती माझ्या पोटात कायमची येऊन बसली.

सुमैरानं घरी जाऊन माझे आठ तुकडे केले, वर ऋषिराजचा फोटो लावला, खाली 'लाइव्ह सांगली' लिहिलं. झालो मी अल्बम. अख्तरबीनं चौथं गाणं ऐकलं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "ये गाडीवाला कौन है गे?" तिनं विचारलं. मग मी मोबाइलामोबाइलांतून फिरलो. कराडच्या होस्टेलात गेलो, महाबळेश्वरच्या टॅक्सीत वाजलो. पण जाईल तिथं तेच. चौथं गाणं लावायचं, गाडीपाशी यायचं, हसायचं आणि पुढं पाठवायचं. त्या फिरणाऱ्या माझ्या नकला म्हणजे पाणी घातलेलं दूध. खरा, सगळा, खालचे बारीक आवाज पोटात घेतलेला मी एकटाच, सुमैराच्या फोनमधल्या नखाएवढ्या कार्डावर.

तिथं माझे काय हाल! रोज सकाळी घरच्या ग्रुपवर फुलं, दिवे, वाफाळता चहा आणि 'सुप्रभात' येऊन पडायचं. जागा भरत चालली की फोन कुरकुर करायचा. सुमैरा पुसायला बसली की माझा जीव टांगणीला. चुलतभावाच्या लग्नाचे फोटो गेले, सहलीचे व्हिडिओ गेले. मी आपला कोपऱ्यात अंग चोरून. शेवटी तिलाच काय वाटलं कोण जाणे, तिनं कार्ड काढलं आणि ओढणीच्या पिनांच्या डबीत ठेवून दिलं. जागा अडचणीची होती, पिना टोचत होत्या, पण जीव तरी वाचला.

पुढं मतीनला आखातात नोकरी लागली आणि तो गेला. बँड बसला. ऋषिराज शिरवळला एका कारखान्यात लागला. त्या पोरांचं एकत्र वाजवलेलं जगात शिल्लक काय? मी. नुसता मी. हे कळलं त्या दिवशी मला अभिमान वाटायला हवा होता. मला आपली धडकीच भरली.

जाण्याआधी मतीन सुमैराला सांगून गेला, "ओरिजिनल ऋष्याला दे. त्याला म्हणावं, साफ कर आणि टाक इंटरनेटवर. लोकांना कळू दे आपण काय होतो."

साफ कर! ऐकलंत? साफ म्हणजे काय काय, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

असा मी शिरवळला ऋषिराजच्या खोलीवर आलो. त्यानं मला आधी फोनमध्ये घातलं. तिथं मला त्याच्या घरचं कळू लागलं. उंब्रजेहून आईचा, गोदावरीबाईंचा फोन यायचा. जेवलास का, ड्युटी कुठली, सगळं झालं की त्या म्हणायच्या, "आबा हितंच बसल्यात. देऊ का?"

"नको."

"त्येबी नकोच म्हणत्यात." मग एक उसासा. "दोघं एका माळंचं मणी. मी मधी दोऱ्यावानी झिजतीय."

एकदा त्यांनी नेटानं विचारलंच, "आरं, गाडी काढा म्हणालं म्हणून बापाशी बोलणं टाकायचं? येवढं काय झालं?"

"आई, माझा सोलो मोडला त्यांनी. हजार लोकांत. त्यांना संगीत म्हंजे डोक्यावरचं वझं वाटतंय. बॉक्स उचलायचा, बॉक्स ठेवायचा."

मी आत तडफडत होतो. अरे बाबा, सोलो त्यांनी नाही मोडला, तुझी बोटं आखडली होती! तुला ते पक्कं माहीत आहे. कुणी बघितलं नसावं म्हणून तू गप्प आहेस आणि सगळं खापर म्हाताऱ्यावर फोडतोयस. पण बोलणार कसा? माझ्याकडं साक्ष होती, ती ड्रमच्या दणक्याखाली दबलेली. ऐकू येत होती ती फक्त मला.

आणि मग त्याच्या सुट्टीचा दिवस उजाडला.

दुपारी त्यानं मला लॅपटॉपवर घेतलं. आजकाल असली यंत्रं निघालीत की ती गाण्याचे पदर सोलून वेगळे करतात. गिटार एकीकडं, ड्रम एकीकडं, माणसांचे आवाज एकीकडं. माझी अक्षरशः सालं निघाली. त्यानं सुमैराला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"गाडी आणि माझं ओरडणं, दोन्ही उडवतोय," तो म्हणाला. "सोलोची दोन टोकं जोडून टाकतो. कुणाला कळणार पण नाही."

"अरे, लोकांना तर तेच आवडतं," सुमैरा म्हणाली.

"लोकांना आवडतं म्हणून मी जन्मभर हसं करून घेऊ? नाही ठेवायचं. माणसांच्या आवाजाचा तेवढा पदरच पुसतो."

झालं! कारभार आटोपला. तो पदर गेला की त्यासोबत नाथाजी जाणार, 'पोराची बोटं' जाणार आणि बापलेकांत ती न आलेली पांढरी गाडी जन्मभर आडवी उभी राहणार. देवा, याचं बोट घसरू दे, लाइट जाऊ दे, काहीतरी होऊ दे! लाइट गेली असती तरी काय, लॅपटॉपला बॅटरी होती म्हणा. भीतीत डोकं चालत नाही.

पण पोरगा कामाला चोख, आबांवरच गेलाय. कापायचं तर टोक नीट मिळालं पाहिजे. सूचना नेमकी कुठं सुरू होते ते बघायला त्यानं ड्रम बंद केला, गिटार बंद केली आणि नुसते माणसांचे आवाज लावले. 'एक मिनिट'च्या जरा मागून.

खोलीत तात्याबांची कुजबुज उमटली. "नाथा, पोराची बोटं आखडली रं..."

त्यानं थांबवलं. मागं नेलं. पुन्हा लावलं. "...नसंना का गाडी. लोकं मागं तर बघत्याल!"

पलीकडं सुमैराही ऐकत होती.

"तू फोन कुठं ठेवला होतास?" त्यानं विचारलं.

"तुझ्या आबांच्या टेबलावर. चार्जिंगला."

"त्यांना माझा हात दिसला होता, सुमैरा." आणि ऋषिराज रडला. मोठ्या माणसाचं रडणं माझ्या कानांना सवयीचं नाही. मी हादरलो आणि खरं सांगू, सुटल्यासारखंही वाटलं.

त्यानं मला तसंच्या तसं फोनमध्ये भरलं, गाडीला किक मारली आणि उंब्रज गाठलं. शेडमध्ये तात्याबा वायरी गुंडाळत होते. नुसत्या सरसर आवाजावरून मला कळलं.

"आलास? जेवून आलास का?" एवढंच म्हणाले. इतक्या दिवसांनी मुलगा दारात आणि माणूस जेवणाचं विचारतो!

"आबा, ह्ये ऐका." त्यानं ती कुजबुज लावली.

सरसर थांबली. मग पुन्हा सुरू झाली. "कुणाचा आवाज हाय ह्यो?"

"तुमचा."

"माझा नसंल. गाडी व्हती तिथं. पांढरी. नाथालाबी इचार."

आतून गोदावरीबाई कडाडल्या, "आवं, धडधडीत तुमचा आवाज हाय! कबूल करा की येकदा. किती दिस माझ्या जिवाला घोर लावलाय दोघांनी!"

"तू गप ग." वायर जमिनीवर पडली. "आन् ही बया कुठनं ऐकत व्हती म्हणायची?" बया म्हणजे मी. मला मुळीच राग आला नाही.

"आबा, मी चुकलो," ऋषिराज म्हणाला. "सगळ्यांम्होरं तुमास्नी नको ते बोललो."

तात्याबांनी वायर परत सरसर गुंडाळली. मग हळूच म्हणाले, "म्होरलं लाव."

"म्होरलं?"

"पाचवं. मी न्हाई ऐकलं. नाथाला मिक्सरवर बसवून मी टेंपूत जाऊन बसलो. काचा वर करून. नुसता दणदण आवाज येत व्हता. म्हणलं, वाजतंय म्हंजे हात सुटला."

पोरानं पाचवं लावलं. त्या इवल्याशा फोनमधून ऐकायला तात्याबा थोडेच तयार होणार! त्यांनी वायर काढली, मला मोठ्या बॉक्सला जोडलं. मी मोबाइलवर जन्मलेला, एवढ्या मोठ्या छातीतून ओरडायचं म्हणजे फाटेन की काय अशी भीती वाटली. पण त्यांचा हात मिक्सरवर होता. कर्कश व्हायला लागलो की ते जरा दाबायचे, दबलो की उचलायचे. गाणी संपेपर्यंत त्यांनी खुर्ची ओढल्याचं काही मला ऐकू आलं नाही.

सगळं संपल्यावर ऋषिराज म्हणाला, "ह्ये असंच टाकतो इंटरनेटवर. चौथ्यात तुमची आन् नाथाजींची कुजबुज मोठ्यानं ऐकू येईल अशी करतो. लोकांना कळू दे माझ्या आबांनी काय केलं."

मी फुललो. शेवटी न्याय झाला म्हणायचा.

"त्ये तेवढं काढ," तात्याबा म्हणाले.

"का?"

"जगाला कशाला कळाया पायजे तुझी बोटं आखडली व्हती? वाजवणारा हायस तू. उद्या कोण बोलवंल तुला? गाडीचं ऱ्हाऊ दे. तू वरडलास त्येबी ऱ्हाऊ दे, लोकं हसत्यात. माझं आन् नाथाचं बोलणं काढ."

"आबा, मग लोकं तुमास्नी येडं म्हणतील."

"म्हणू देत की. मला कुठं गिटार वाजवायची हाय?"

पोरानं खूप विनवलं. आईलाही मध्ये घातलं. पण बाप कसला ऐकतोय! जन्मात कधी न ऐकणाऱ्या पोरानं त्या दिवशी बापाचं ऐकलं आणि नेमकं हेच ऐकलं.

आता मी इंटरनेटवर आहे. म्हणजे तो, माझा न्हाऊन-माखून तयार केलेला भाऊ. लोक ऐकतात, ऋषिराजचं कौतुक करतात. दोन ठिकाणची बोलावणीही आलीत, आणि बॉक्स कुणाचे न्यायचे हा आता प्रश्नच नाही. चौथ्या गाण्याखाली मात्र लोक लिहितात, 'हा म्हातारा कोण रे?', 'चांगल्या सोलोची वाट लावली', 'अडाणी कुठला, याच्याकडून आधी माईक काढून घ्या'. ऋषिराज रविवारी उंब्रजेला आला की ते वाचून चरफडतो, उत्तर लिहायला घेतो.

"ऱ्हाऊ दे रं," तात्याबा त्याला अडवतात. "हसत्यात म्हंजे ऐकत्यात. वाच, आनि काय लिवलंय त्ये वाच."

आणि तो एकेक शब्द रेटत बापाला बापाच्याच शिव्या वाचून दाखवतो.

खरा मी, कुजबुजीसकट, आता फक्त त्या नखाएवढ्या कार्डावर आहे; लॅपटॉपवरून, फोनवरून मला पुसून टाकलंय. ऋषिराजनं मला पाकिटाच्या चोरकप्प्यात ठेवलंय. पाकिटं हरवतात, भिजतात, बसमध्ये मारली जातात. मला झोप लागत नाही हो. तात्याबांनी काय केलं ते जगात नीट ऐकू येईल असं एकाच ठिकाणी उरलंय, आणि ते ठिकाण मी आहे. कुणाला दाखवू नका, त्यांची तशी आज्ञाच आहे. पण ऋष्या, लेका, माझी आणखी एक तरी कॉपी करून ठेव. मी काय, आज आहे, उद्या नाही.